आतून दाखवा

आमच्या शिवणघरात तयार कोट टेबलावर आला की तो आधी उलटा केला जातो. बाहेरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, आतली आमच्यासाठी. अस्तर, बगलेतले टाके, खिशाच्या पिशवीचा तळ, शिवणीच्या पलीकडे सोडलेली कापडाची माया, हे सर्व पाहून झाल्याशिवाय कोट सुलटा करण्याची मुभा कोणालाही नाही; मलाही नाही. त्यानंतर मते घेतली जातात. ती घेण्याचा क्रम माझ्या सासूबाईंनी घालून दिला आणि तो आजतागायत कोणी मोडलेला नाही. ह्या टेबलाशी जो सर्वांत नवा, त्याने प्रथम बोलायचे. जो सर्वांत जुना, त्याने शेवटी. थोरल्याने एकदा तोंड उघडले की धाकटे खरे बोलत नाहीत, नुसत्या माना डोलावतात. सासूबाईंना हे कोणी शिकवले नव्हते. माना डोलावणाऱ्यांच्या घरात त्या सून म्हणून आल्या होत्या, एवढेच.

त्यांची दुसरीही एक रीत आम्ही पाळतो. वाईट कामाला आमच्याकडे कोणी वाईट म्हणत नाही. "ठीक आहे," असे म्हणून कोट घडी करून ठेवला जातो, आणि तो शिवणारा समजून जातो की आपण आता दुसरीकडे काम शोधावे. ज्याच्या हातात काही आहे असे दिसते, त्याला एकच शब्द ऐकायला मिळतो: "उसव." उसव आणि पुन्हा शीव, कारण तू पुन्हा शिवण्याच्या लायकीची आहेस. सासूबाई मला हा शब्द प्रथम म्हणाल्या, त्या दिवशी मी माहेरी कळवून टाकले की माझी राहिलेली पेटी आता पाठवून द्यायला हरकत नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण एक संकेतस्थळ आहे. त्याचे खरे नाव परके आणि जिभेला जड. आम्ही त्याला 'भिंत' म्हणतो. देशोदेशीचे शिवणारे, विणणारे, चामड्याचे काम करणारे तिथे आपापल्या कामाचे फोटो लावतात आणि पाहणारे मत देतात. सर्वांच्या मताला सारखे वजन नसते. ज्याची निवड वेळोवेळी खरी ठरते, त्याचे मत जड होत जाते. जो बरेच दिवस मत देत नाही, त्याचे हलके होते. शिवाय निवडणाऱ्यालाही बक्षीस असते. चांगली वस्तू सर्वांआधी हेरली तर मोठा वाटा. सर्वांच्या मागून आले तर हातात काही नाही.

मला ह्या भिंतीवर माझ्या जावयांनी नेले. ते संगणकाच्या कामात आहेत आणि सासूची करमणूक व्हावी अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती. माझी करमणूक झाली नाही. मी कामाला लागले. जो कोट बरा दिसे, त्याच्याखाली मी दोनच शब्द लिही: "आतून दाखवा." पुष्कळ लोक रागावत. काही जण दाखवत. ज्यांनी दाखवले आणि ज्यांचे आत पाहून मला समाधान वाटले, त्यांना मी मत देई. हळूहळू भिंतीवर मला 'आतून दाखवा आजी' हे नाव पडले. ते थट्टेने पडले होते, परंतु पुढे लोक ते अदबीने लिहू लागले, आणि माझ्या मताला असे वजन आले की जावईबापूंनीही भुवया उंचावल्या.

मत मी नेहमी शेवटच्या दिवशी देई. भिंतीवर लावलेल्या वस्तूला आठवडाभर मते घेता येतात. आठवडा सरत आला की मी आधीच्यांचे सारे वाचून काढी आणि मग माझे देई. जावईबापूंना हे बघवत नसे.

"आई, तुम्ही शेवटी मत देता. बक्षीस सगळं पहिले येणारे घेऊन जातात."

"घेऊन जाऊ द्या. मी धाकट्यांचं बोलून व्हायची वाट बघते."

"तिथे धाकटं-थोरलं कोणी नसतं, आई. तिथे फक्त लवकर आणि उशिरा असतं."

"म्हणून तर तिथल्या निम्म्या कोटांच्या बाह्या लोंबतात," असे मी म्हटले, आणि त्यांनी हात टेकले.

ह्या वर्षी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. आधी एका, मग दुसऱ्या. डॉक्टरांनी फोनकडे पाहण्यास सक्त मनाई केली. "तुमच्या मताचं वजन उतरेल, आई. भिंतीचं मी बघतो, तुम्ही डोळे सांभाळा," असे जावईबापू म्हणाले. मी मान हलवली. 'बघतो' ह्या शब्दाचा अर्थ त्यांच्या धंद्यात वेगळा असतो हे मला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास आमच्या शिवणघरात एक मोठा प्रश्न उभा होता. कापणीचे टेबल ज्यांच्याकडे आहे ते मास्तर हा हिवाळा संपला की कात्री ठेवणार होते. कापड बेतण्याची जागा ही शिवणघराची गादी आहे. तिथे चूक झाली तर पुढे दहा जणांनी डोळ्यांत तेल घालून शिवले तरी कोट सरळ पडत नाही. ती जागा माझ्या नातीला हवी होती. ती विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी करते, हुशार आहे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी शिवते हे मला माहीत होते. मागच्या वर्षी तिने विषय काढला तेव्हा मी स्पष्ट सांगितले होते, "नात म्हणून ते टेबल मिळणार नाही."

"मग नात म्हणून मागणारही नाही," असे ती म्हणाली होती. हे उत्तर मला आवडले. मी ते दाखवले नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची शेवटची तपासणी केली त्या दिवशी दुपारी मी शिवणघरात परतले. खिडकीपाशी मास्तर कापड पसरत होते. काजवाली, म्हणजे आमच्याकडे काजे आणि बटणे करणारी मुलगी, टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसली होती. शिलाईयंत्रे चालू होती. मला दोरे पुन्हा दोरे दिसत होते, त्याचा आनंद मी मनात ठेवून आल्या आल्या दोन जणींना बसण्याची ढब सुधारायला लावली. तेवढ्यात दार धाडकन उघडले आणि नात आत आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातावर कापडात गुंडाळलेला कोट.

"आजी! तू दिलंस!"

"काय दिलं? आणि दार लावून घे, धूळ येते."

"मत! मला!" तिने दार पायाने लोटले, जे मी इतर वेळी चालवून घेतले नसते. "तो निळा कोट माझा आहे. दुसऱ्याच नावानं लावला होता, तुला कळू नये म्हणून. आज सकाळी लावला, आणि चहा गाळून होईपर्यंत तुझं मत! पहिलं! तुझ्यामागे मग नुसती रांग लागली. आजी, आत्ता तो भिंतीवर सगळ्यात वर आहे."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. काजवालीने मान वर केली.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," नात म्हणाली, "तू 'आतून दाखवा' म्हणालीसच नाहीस. मी बाहेरचेच फोटो लावले होते. वाटलं होतं, तू विचारशील, मग आतले लावीन. पण तू विचारलंसच नाहीस! इतकी खात्री पटली तुला? नुसतं बाहेरून?"

मी फोन हातात घेतला. गडद निळा कोट होता. कॉलर रुंद, खांदा नीट बसलेला. खाली मतांची लांबलचक रांग, आणि त्या रांगेच्या तोंडाशी माझे नाव. सकाळी त्या वेळी मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले होते आणि समोरच्या परिचारिकेचा चेहराही मला दिसत नव्हता.

नातीचा चेहरा मात्र आता मला लख्ख दिसत होता. ती कोणत्या पायरीवर उभी आहे हे मला समजत होते. माझ्या मताच्या भरवशावर ती कापणीचे टेबल मागायला आली होती, आणि नात म्हणून नव्हे, तर अगदी आमच्या रीतीने. मी गप्प राहिले असते तर संध्याकाळपर्यंत तिने कचेरीत राजीनामा दिला असता. मी गप्प राहिले नाही. आमच्या घरात न पाहिलेल्या कोटावर पसंतीची खडूची खूण होत नाही.

"मी हा कोट पाहिलेला नाही," मी म्हटले.

तिला आधी ते थट्टेचे वाटले. मग वाटेनासे झाले.

"पण तुझं नाव—"

"नाव माझं आहे. मत माझं नाही. तुझ्या वडिलांना बोलावून घे. म्हणावं, सासूबाईंनी आठवण काढली आहे."

जावईबापूंचे कार्यालय चौकाच्या पलीकडेच आहे. ते लगबगीने आले. आमच्याकडे जावयावर आवाज चढवण्याची पद्धत नाही, त्यामुळे मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, प्रकृतीची चौकशी केली. ह्या सर्वात थोडा वेळ गेला. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला, तेव्हा मी विचारले, "जावईबापू, माझ्या गैरहजेरीत भिंतीवर माझं काम कोण करत होतं?"

"मीच, आई. म्हणजे... मी तसा नाही. एक प्रोग्रॅम लिहून ठेवला. तुमची आवड शिकवली त्याला."

"माझी आवड?"

"तुम्ही आजवर निवडलेले सगळे कोट त्याला दाखवले. बहुतेक गडद रंगाचे, कॉलर रुंद, फोटो खिडकीच्या उजेडातले. तसं काही आलं की तो लगेच मत देतो. लवकर दिल्यामुळे बक्षीसही येतं. तुमचं वजन तर दुप्पट झालं, आई."

"गडद म्हणून निवडले नव्हते मी ते. थंडीत लोक गडदच शिवतात. आणि आतली बाजू? ती तुमचा प्रोग्रॅम कशी बघतो?"

"ती... नाही बघत."

"आणि माझ्यामागची ही रांग?"

जावईबापूंनी मुलीकडे एकदा पाहिले. कोट कोणाचा हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते. "तेही प्रोग्रॅमच आहेत, आई. दुसऱ्या लोकांचे. तुमची निवड पुढे चढते हे दिसल्यावर त्यांनी आपापले प्रोग्रॅम तुमच्या नावामागे बांधून ठेवले. तुम्ही मत दिलं की ते देतात. तुमच्या पाठोपाठ येऊन तेही वाटा उचलतात."

"म्हणजे मी न बघता दिलेलं मत बघून, न बघणाऱ्यांनी, न बघता मतं दिली."

"हो," ते म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

"बाबा," नात हळूच म्हणाली, "म्हणजे त्या सगळ्यांत कोणीच..."

"मला माहीत नव्हतं गं तुझा आहे ते."

"माहीत असतं तर?"

जावईबापूंनी रिकामा पेला पुन्हा ओठांना लावला. मास्तरांनी घसा साफ केला आणि विनाकारण कापडावरची घडी सरळ केली.

"आई," जावईबापू जरा वेळाने म्हणाले, "चूक झाली. पण प्रोग्रॅम म्हणून... काम बरं होतं ना, निदान?"

"ठीक आहे," मी म्हटले.

काजवालीच्या हातातली सुई थांबली. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. जावईबापूंनी एवढ्या वर्षांत ह्या घरातले 'ठीक आहे' ऐकलेले होते. त्यांचा चेहरा पाहून मलाच क्षणभर दया आली.

"मत परत घेता येतं?" मी विचारले.

"आठवडा संपेपर्यंत येतं. पण आई, तुमचं निघालं की मागची सगळी निघतील. तशीच बांधलीत ती. कोट एकदम तळाला जाईल."

मी नातीकडे वळले. "मी मत परत घेणार आहे. तुझी हरकत असेल तर आत्ता बोल."

तिच्या आईसारखाच तिचाही ओठ अशा वेळी आत ओढला जातो. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "घे," ती म्हणाली. "तू घे. बाबांना नको करायला सांगूस."

त्यात माझे खाते उघडून मी माझ्या बोटाने मत काढले. पहिल्यांदा काही झाले नाही. मग आकडा उतरू लागला, थांबला, आणि पुन्हा असा भराभर उतरला की जणू कोणी दोऱ्याचे टोक धरून शिवण सरसर ओढत होते. आम्ही सर्वजण त्या एवढ्याशा काचेवर वाकलो होतो. अखेरीस तो स्थिरावला. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी मते उरली.

"एवढीच?" नात म्हणाली.

"ही कोणाची आहेत ते वाच," मी म्हटले. "मोठ्यानं वाच."

पहिले एका जहाजांची शिडे शिवणाऱ्याचे होते. त्याने लिहिले होते: "कोटांतलं मला कळत नाही, पण कॉलरच्या टोकाशी कापड जाडं झालेलं नाही. हे कसं केलं?" दुसरे एका निवृत्त शिंप्याचे: "बाही मुंढ्यात बसवताना जास्तीचं कापड सुरकुती न पाडता आटवलंय ते फोटोतही दिसतं. पुष्कळ दिवसांनी पाहिलं." तिसरे कुठल्या तरी दूरच्या बाईचे होते. ते वाचता वाचता नात थांबली.

"काय लिहिलंय?" मास्तरांनी विचारले.

"'आज आजींनी विचारलं नाही, बहुतेक बरं नसेल त्यांना. म्हणून त्यांच्या वतीनं मी विचारते. आतून दाखवा.'"

ह्या बाईला मी ओळखत नाही, तिचा देशही मला ठाऊक नाही. परंतु माझ्या सासूबाईंचा प्रश्न आता तिच्या तोंडी होता, आणि हे कोणत्याही प्रोग्रॅमने तिला शिकवलेले नव्हते. मी ताठ बसले. माझी मान एरवीही वाकत नाही. त्या दिवशी ती जरा अधिकच वर गेली असेल.

"ऐकलंस ना?" मी म्हटले. "आण इकडे. टेबलावर ठेव. उलटा कर."

नातीने कोट उलटा केला आणि रीतीप्रमाणे हात मागे बांधून भिंतीशी जाऊन उभी राहिली. शिवणाऱ्याने मते होईपर्यंत बोलायचे नसते.

"जावईबापू," मी म्हटले, "ह्या टेबलाशी तुमच्याइतकं नवं कोणी नाही. पहिलं मत तुमचं."

"आई, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच पहिलं. आम्ही बोललो की तुम्ही आमच्यामागे बांधले जाल."

ते उठले. त्यांनी अस्तरावरून हात फिरवला, बगलेत डोकावले, खिशात हात घातला. लोक भाड्याचे घर पाहायला जातात तसे सर्व काही त्यांनी पाहिले. शेवटी अवघडून म्हणाले, "घालून बघू का?"

"बघा की. कोट घालायलाच असतो."

कोट सुलटा करून त्यांनी अंगात घातला, आणि तो बसला. खांद्यावर खांदा, मनगटावर बाही. जावईबापूंचा डावा खांदा उजव्याहून किंचित खाली आहे. माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी घातलेला कोट मीच तपासला होता, म्हणून मला माहीत. हा कोट डाव्या खांद्याला किंचित खाली होता.

"हा तर..." ते म्हणाले. "हा माझ्या मापाचा आहे."

"मी बोलू का?" भिंतीपासून आवाज आला.

"नाही," मी म्हटले.

जावईबापूंनी बाहीवरून हात फिरवला. मग, काय करावे ते न सुचल्यामुळे असेल, ते खुर्चीत बसले आणि दिवसभर बसतात तसे हात पुढे टेबलावर ठेवून बोटे हलवू लागले. एकाएकी ते थांबले. हात मागे घेतले, पुन्हा पुढे केले.

"इथे पाठीत काहीतरी ओढतंय," ते म्हणाले. "उभं असताना नाही. हात पुढे केले की. पण कोट छान आहे हां, फारच छान, मला तर—"

"पहिलं वाक्य पुरे होतं," मी म्हटले. "उत्तम मत. बसा."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरले ते पाहून मी दुसरीकडे पाहिले. त्यांच्या प्रोग्रॅमला मिळालेल्या सगळ्या बक्षिसांनी त्यांना असे उजळलेले मी पाहिले नव्हते.

मग काजवाली. तिने एकेका काजात बोट घातले. "काजं बरी आहेत. शेवटचं घाईत घातलंय. सुट्टी संपत आली असणार." नात भिंतीशी लाल झाली. "पण ताई, वरची चार बघून मला जरा भीती वाटली. माझ्या पोटावर पाय देऊ नका म्हणजे झालं."

मास्तरांनी कोट पुन्हा उलटा करून घेतला. पाठीच्या अस्तरावर त्यांनी हाताचा तळवा ठेवला आणि तो न हलवता ते उभे राहिले. "जावईसाहेब बरोबर बोलले. पाठीत चुणी सोडलेली नाही. अस्तर कोटाइतकंच कापलंय. माणूस हात पुढे करतो तेव्हा पाठ रुंदावते, अस्तराला जागा लागते." त्यांनी कोट सुलटा केला आणि कॉलर उचलून धरली. "आता कापणी. हे कापड मी बेतलं असतं तर..." ते थांबले. मास्तर कौतुकाच्या बाबतीत माझ्याहूनही कंजूष आहेत. "तर कॉलर एवढी रुंद कापायला मी धजलो नसतो. आणि धजायला हवं होतं."

राहिले मी. सर्वांचे बोलून झाले होते. मी चष्मा पुसला, कोट उलटा केला आणि नव्या डोळ्यांनी तो इंच इंच पाहिला. बगलेतले टाके सारखे होते. खिशाचा तळ दुहेरी शिवलेला होता, म्हणजे किल्ल्यांचे जुडगे ठेवणाऱ्याचा विचार केलेला होता. बाजूच्या शिवणींपाशी मात्र मी थांबले. तिथे आम्ही सोडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट माया सोडलेली होती.

"आता बोललीस तरी चालेल," मी नातीला म्हटले. "बाजूला एवढी माया कशाला?"

तिने वडिलांकडे पाहिले. "बाबा दिवसभर बसून काम करतात, आजी. अजून सुटतील."

काजवालीला हसू आवरेना. मग मास्तर हसले, मागच्या यंत्रांवरच्या बायका हसल्या, आणि सर्वांत शेवटी, पोटावरून हात फिरवत, जावईबापू.

मी हसले नाही; मला अजून निकाल द्यायचा होता. मी कोट घडी केला नाही. तो उलटाच, अस्तर वर करून, तिच्यापुढे सरकवला.

"उसव," मी म्हटले.

सगळी यंत्रे एकदम थांबली. ह्या शिवणघरात तो शब्द कित्येक वर्षांत उच्चारला गेला नव्हता. नातीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू तिला ऐकू आले नसावे.

"काय म्हणालीस?"

"एकदाच म्हणायची पद्धत आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने ते कोटावर पडू दिले नाही. कापडावर डाग पडतो हे तिला कोणाला सांगावे लागले नाही. मास्तरांनी खिडकीजवळची आपली बैठक पुढे ओढली, रुमालाने झटकली आणि तिला हाताने खूण केली. "इथे उजेड चांगला येतो," एवढेच ते म्हणाले. ती बसली आणि पाठीची पहिली शिवण उसवू लागली.

जावईबापू माझ्याजवळ आले. "आई, तो प्रोग्रॅम मी आत्ताच काढून टाकतो."

"काढा. आणि येत जा अधूनमधून. पहिलं मत द्यायला आम्हांला माणूस लागतो."

पुढचे फार थोडे आहे. नातीने उसवलेल्या कोटाचाही फोटो भिंतीवर लावला, आणि दोन दिवसांनी पाठीत चुणी सोडून नवे अस्तर घातलेल्या कोटाचा. दोन्ही फोटोंत कोट उलटा होता. शिडे शिवणाऱ्याला तिने कॉलरची युक्ती सविस्तर लिहून कळवली. दूरच्या त्या बाईने चुणीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि एक सूचना केली. ती सूचना मास्तरांनी मान्य केली, हे मी इथे मुद्दाम नमूद करते. कोट भिंतीच्या माथ्यावर गेला नाही. मध्यावर कुठेतरी राहिला, आणि त्याच्याखाली जे कोणी लिहून गेले ते कोट आतून पाहून गेले.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी फोन हाती घेतला. जावईबापू तोच कोट घालून समोर बसले होते आणि उगाचच हात पुढे-मागे करत होते.

"आता देता मत, आई? बक्षीस काही मिळायचं नाही. आणि मागे यायलाही कोणी उरलं नाही. ते सगळे प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागले."

"पाठीत ओढतं का अजून?"

त्यांनी दोन्ही हात पूर्ण पुढे केले. "नाही."

खिडकीशी नात नवे कापड पसरत होती आणि काजवालीला खडू मागत होती. मागण्याचा सूर अगदी माझा होता. मी आधीच्या साऱ्यांचे लिहिलेले पहिल्यापासून वाचून काढले, आणि मग माझे मत दिले.